अळकुड्यांची टोपली

न्वाकूआजीला त्या वर्षीचा धुळीचा वारा अजून आठवतो. ओठ फुटायचे, केसांवर पिठासारखी धूळ बसायची… आणि तेव्हाची तरणीताठी न्वाकू वडिलांच्या कोठारात शिडीवर चढून कोनफळं बांधत होती.

कोनफळ म्हणजे पुरुषांचं पीक. लावायचं त्यांनी, कोठारातल्या उभ्या खांबांना बांधायचंही त्यांनीच. बायकांच्या वाट्याला अळकुड्या. पण न्वाकूचे वडील पाय अधू होऊन अंथरुणाला खिळलेले, आणि पाठीला भाऊ नाही. वडील गावातले मानकरी. लेकीनं पिकवलेली कोनफळं खातात हे कळलं असतं, तर त्यांना चारचौघांत तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून गावाला सांगितलं होतं, मामा येऊन करून जातात.

“गाठ सैल आहे.”

खालून आवाज आला नि न्वाकूच्या हातातलं कोनफळ सुटलं. खालच्या तरुणानं ते अलगद झेललं. शेजारच्या वाडीतला इलोका! हरवलेली शेळी शोधत आला होता म्हणे.

“कोण म्हणतं सैल?” गुपित फुटलं होतं, पण तोंड कुठलं गप्प बसतंय!

“मामा बरेच बारीक झालेत,” तो हसला. “आणि डोळेही मोठे केलेत.”

“सांगशील… कुणाला?”

“शेळीला सांगेन. सापडली तर.”

त्यानं नाहीच सांगितलं. उलट ती शेळी दर बाजाराच्या दिवशी, गाव तिकडे गेलं की, हरवू लागली. तो खालून कोनफळं द्यायचा, ती वरून घ्यायची, आणि बोटं उगीचच जरा वेळ तिथंच राहायची.

“ताडी घेऊन येऊ… तुझ्या बाबांकडे?” एकदा त्यानं विचारलं. मागणी घालायची तीच रीत.

न्वाकूचा हात थांबला. “तुझ्या घरी मला अळकुड्यांचा वाफा मिळेल. मला कोनफळं सोडवत नाहीत, इलोका.”

“लोक काय म्हणतील?”

“मग नको आणूस ताडी.”

तो गेला. आतल्या खोलीत जाऊन ती पोटभर रडली. पुढचे कितीतरी बाजार शेळी हरवलीच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ती बाजारात बायकांच्या ओळीत बसली होती. अचानक हशा पिकला. इलोका! डोक्यावर बियाण्याच्या अळकुड्यांची टोपली, बायका घेतात तशी.

“अगं बाई! चोळी कुठं विसरलास रे?” मिरचीवाली ओरडली. पुरुष तर पोट धरून हसत होते.

त्याचे कान तापले होते, पण मान ताठ. “घरात कुणीतरी अळकुड्या लावायला नकोत का?”

कुणाला काही कळलं नाही. न्वाकूला मात्र सगळं कळलं. सगळं हसू त्यानं स्वतःवर घेतलं होतं, आणि तिचं गुपित तसंच झाकलेलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

टोपली तिच्यापुढं ठेवून तो हळूच म्हणाला, “किती खोल पुरायच्या गं?”

“शिकवेन… पण जन्म जाईल.”

“म्हणून तर आलोय.”

आणि जन्म गेलाच. कोनफळांनी न्वाकूचं कोठार दरवर्षी भरलं. इलोकाला मात्र अळकुड्या शेवटपर्यंत धड लावता आल्या नाहीत… आणि तिनंही कधी पुरतं शिकवलं नाही.