चोळू नका

पहिल्याच भेटीत त्याने माझा हात धरला, आणि मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

त्या दिवशी नगरच्या हॉस्पिटलात आईची केमो होती. बेलापूरहून एसटीत बसल्यापासून ती डाव्या पोटरीच्या दुखण्याने कण्हत होती. पोटरी टम्म सुजलेली. शेजारच्या रतनबाई मावशींनी आदल्या संध्याकाळी ती तेलाने रगडून दिली होती आणि उरलेलं तेल बाटलीत भरून माझ्याकडे दिलं होतं. आमच्याकडे पाय सुजला की चोळायचा, त्यात विचारायचं काय? वॉर्डात खाट मिळताच मी तळहातावर तेल घेतलं... आणि शेजारच्या खाटेजवळून एकजण उठून आला, त्याने सरळ माझं मनगटच पकडलं.

"चोळू नका. आधी डॉक्टरांना दाखवा."

"हात सोडा. आई माझी आहे."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला. हात मात्र सोडला नाही.

तो भिंगारचा आदिनाथ. खाटेवर त्याचे वडील होते. केमो चालू असताना त्यांचाही पाय असाच सुजला, आत्याने मायेने चोळून दिला, आणि आतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली. कसेबसे वाचले. हे त्याने इतक्या हळू सांगितलं की माझा राग पार विरला. मग मावशींचं कालचं रगडणं आठवलं आणि मी डॉक्टरांना हाका मारत सुटले.

डॉक्टरबाई धावत आल्या. दम लागतो का, छातीत दुखतं का, विचारत राहिल्या. आई सगळ्याला "न्हाई" म्हणत होती. उलट्यांनी अर्धी झाली तरी ती "काय न्हाई" म्हणणारी. तिच्या न्हाईवर मी विश्वास कसा ठेवू? रक्तगट विचारला. मी एबी सांगितलं. कुणाचंही रक्त चालतं म्हणून आम्ही तो नशीबवान गट समजत होतो. बाई म्हणाल्या, कॅन्सरमध्ये गुठळीचा धोका वाढतोच, त्यात ओ सोडून बाकीच्या गटांना तो थोडा जास्त. नुसत्या गटावर काही ठरत नाही, पण पाय आत्ताच तपासायचा.

सोनोग्राफीच्या बंद दाराबाहेर मी उभी होते. आदिनाथ चहा घेऊन आला.

"तुमचा गट कोणता?"

"बी. का, पत्रिका जुळवताय?" घाबरले की माझी जीभ जास्तच चालते.

"हल्ली बायोडाटात रक्तगट लिहितातच की..." तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

मला हसू आलं, आणि लगेच हसल्याची लाज वाटली. दार उघडेना. चहावर साय धरली, तरी दोघांपैकी कुणी घोट घेतला नाही.

गुठळी होती. पण ती जागची हलली नव्हती. रक्त गोठू नये म्हणून आईच्या पोटात इंजेक्शन सुरू झालं, आणि मी भिंतीला टेकून त्याच्या देखत ढसाढसा रडले.

पुढे आमच्या केमोच्या तारखा एकाच दिवशी पडू लागल्या. पडल्या की कुणी पाडल्या, ते मी विचारलं नाही. आईची सूज उतरली तेव्हा एकदा तिनेच त्याला विचारलं, "तुझा गट कोंचा रं?"

"ओ, मावशी."

"बरं हाय," म्हणून तिने डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग आईला कधीच जमलं नाही.

मी हळूच म्हणाले, "मी बी आहे. उद्या माझा पाय सुजला तर?"

"चोळणार नाही," तो म्हणाला. "उचलून डॉक्टरांकडे नेईन. म्हातारपणी सुजला तरी... मीच नेईन." आणि त्याने पुन्हा माझं मनगट धरलं, तसंच घट्ट.

आई किलकिल्या डोळ्यांनी बघत बोलली, "निके, या टायमाला हात सोडा म्हनली न्हाईस ना?"

"न्हाई," मी तिच्याच सुरात म्हणाले.