यादीतलं पाचवं नाव

मेलेल्या माणसाचा फोन रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घरच्या वायफायला जोडला जात होता.

हे सांगणाऱ्या बाई अजिबात घाबरलेल्या नव्हत्या, आणि ठकूताईला नेमकं तेच खटकलं. बाई चष्मेवाल्यांच्या पत्नी. आठ महिन्यांपूर्वी चष्मेवाले दवाखान्यात वारले, आणि त्या गडबडीत त्यांचा फोनही हरवला. मुलीने सिमकार्ड बंद करून टाकलं होतं.

"आता ते रोज येतात," बाई म्हणाल्या. टॅबलेट त्यांनी छातीशी धरला होता. "पंचवीस मिनिटं थांबतात. मग जातात. फक्त गुरुवारी येत नाहीत. गुरुवारी रुसतात."

"कधीपासून?"

"नवा राउटर लावला त्या दिवसापासून. तीन आठवडे झाले."

दाजींनी पाय हळूच खुर्चीवर ओढून घेतले. दाजी म्हणजे ठकूताईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते मेव्हणीच्या प्रत्येक तपासाला हजर असत आणि प्रत्येक तपासात नको त्या माणसावर संशय घेत.

"सोमवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे," मुलगी चिडून म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, आता आणखी थांबू नका. पण ही जाणारच नाही म्हणते. उद्या दिसेनासं झालं तर टॅबलेट तरी कसा बघणार आहे?"

"मी दवाखान्यात असताना ते आले आणि परत गेले तर?" बाईंनी शांतपणे विचारलं.

ठकूताईने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजत आले होते.

घर चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. दुपारचं शटर ओढलेलं, रस्ता सामसूम. टॅबलेटवर राउटरला जोडलेल्या वस्तूंची यादी उघडी होती. बाईंचा फोन, मुलीचा फोन, टीव्ही, टॅबलेट. चार नावं. बरोबर तीन दहाला यादी किंचित हलली आणि खाली पाचवं नाव उमटलं. 'चष्मेवाले'. त्याच्यापुढे सिग्नलची एकच कांडी.

दाजी खुर्चीसकट मागे सरकले. बाईंनी मात्र, पाहुणा दारात आल्यावर करावेत तसे, केस सारखे केले.

पंचवीस मिनिटांनी नाव गेलं. ठकूताईने राउटर बसवणाऱ्या वायरवाल्याला बोलावून घेतलं.

"जुना राउटर बैठकीत लोखंडी कपाटात कोंबलेला होता," तो म्हणाला. "मागे नेट पोचणार कुठून? म्हणून हा घ्यायला लावला. याच्या दोन लहरी आहेत. एक वेगवान, पण भिंत आली की हात टेकते. दुसरी हळू, पण भिंतीपलीकडे जाते. उंचावर, मोकळ्यात, मागच्या जिन्याच्या तोंडाशी ठेवलाय."

"नाव आणि पासवर्ड?"

"जुनंच ठेवलं. बाईच म्हणाल्या, सगळीकडे पुन्हा घालत कोण बसणार."

"आणि हे पाचवं नाव कुठल्या लहरीवर येतं?"

त्याने टॅबलेट पाहिला. "हळू."

"यानेच केलंय," दाजी कुजबुजले. "मुद्दाम. चेहराच सांगतोय."

"दाजी, त्याचा चेहरा फुकट बोलावल्याचा आहे," ठकूताई म्हणाली आणि मागच्या जिन्याने दुकानात उतरली.

खाली, अजून न उघडलेल्या दुकानात, बाईंचे धाकटे दीर काउंटर पुसत होते. त्यांच्या बोटांवर चटक्यांचे बारीक डाग होते. "दादाचा फोन? दवाखान्यातच कोणीतरी लांबवला," ते म्हणाले. "दीडला शटर ओढलं की चारपर्यंत मी आडवा होतो. गुरुवारी दुकान बंदच असतं. फ्रेमा आणायला बाहेरगावी जातो."

ठकूताई आपला फोन हातात धरून फिरू लागली. पुढे सगळीकडे लहर अडवणारे आरसे. एकही कांडी नाही. डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीतही आरसा, तिथेही नाही. त्या आरशात अक्षरांचा तक्ता आणि त्याखाली स्वतःचाच फिकट चेहरा दिसला तेव्हा दाजींनी डोळे मिटून घेतले. मागच्या कामाच्या टेबलापाशी, जिन्याच्या बरोबर खाली, एक कांडी उमटली. टेबलावर फ्रेमा तापवायचं यंत्र होतं. ठकूताईने त्यावर हात ठेवला. यंत्र कोमट होतं.

जिना चढताना तिने मागोमाग खाली आलेल्या मुलीला सहज विचारलं, "तुझा चष्मा कोणी बसवला?"

"काकाने. पूर्वी बाबाच सगळं करायचे, काका फक्त गल्ल्यावर. बाबा गेल्यावर पहिला महिनाभर काकाने बसवलेल्या काचा निसटायच्या. आता अगदी बाबांसारख्या बसतात."

ठकूताईने सगळ्यांना वर बसवलं.

"राउटर लागला त्या दिवसापासून हा फोन यायला लागला, असं तुम्हाला वाटतं," ती बाईंना म्हणाली. "तो आधीही रोज चालू होत होता. जुन्या राउटरची लहर तिथवर पोचत नव्हती, म्हणून दिसला नाही. नव्याची पोचली. नाव-पासवर्ड जुनंच, तेव्हा फोन आपोआप जोडला गेला. हळू लहर आणि एकच कांडी, म्हणजे फोन भिंतीपलीकडे आहे. दुकानात अशी एकच जागा सापडली, कामाचं टेबल. गुरुवारी दुकान बंद, फोनही नाही. ज्या वेळी दीर झोपलेले असतात, त्या वेळी यंत्र तापतं आणि बोटं भाजतात. आणि ज्यांना काच बसवता येत नव्हती, त्यांना ती अचानक चष्मेवाल्यांसारखी यायला लागली. कोणीतरी शिकवतंय."

दाजींनी पाय पुन्हा खुर्चीवर ओढून घेतले. "कोण?"

दिरांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

"दादाने दवाखान्यात पलंगावर पडल्या-पडल्या यात माझ्यासाठी बोलून ठेवलंय. एकेक काम. वहिनी, मला काही येत नव्हतं, आणि हे फक्त त्यालाच माहीत होतं. तुम्ही फोन मागितला असता तर दुकान बसलं असतं. दुसरीकडे उतरवून घेताना पुसलं जाईल, म्हणून तेही धाडस झालं नाही."

त्यांनी बटण दाबलं. आधी खोकला, मग खोलीभर चष्मेवाल्यांचा आवाज. "अरे, घाई करू नकोस. आधी फ्रेम तापू दे. भाजलं का? फुंकर मार आणि पुढे चल."

मुलगी रडायला लागली. बाई रडल्या नाहीत, त्या संतापल्या होत्या.

"आवाज खाली होता," त्या म्हणाल्या. "आणि मी वर बसून नुसतं नाव बघत होते!"

दिरांनी फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"माझ्यासाठी काही बोललेत?" बाईंनी विचारलं. इतकं हळू, की ठकूताईलाही दुसरीकडे पाहावंसं वाटलं.

"नाही, वहिनी. सगळं काचांचंच."

बाई त्या फोनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टॅबलेट बंद करून मुलीच्या हातात दिला.

"सोमवारी हा फोन घेऊन दवाखान्यात ये," त्या दिरांना म्हणाल्या. "डोळ्यावर पट्टी असताना मला दुसरं काय काम? फ्रेम कशी तापवतात तेवढं तरी कळेल."