हजेरीचे दगड

माघ सरत आला होता. ऊन अजून कोवळं होतं. अमृतनं पिशवीत रबरी हातोडा आणि दोरीचं बंडल टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि तो चौकाकडे निघाला. करंजखेडच्या चौकात फरसबंदीचे सिमेंट ब्लॉक बसवायचं काम चाललं होतं आणि त्या कामावर तो मिस्त्री होता. रोजच्यासारखाच दिवस. वडील, आबा, सकाळीच वस्तीत बसायला गेले होते; वाटेत त्यानं त्यांच्यासाठी तंबाखूची पुडी घेतली आणि खिशात ठेवली.

करंजखेड म्हणजे खर्डा गावाच्या अंगाचं, कोरड्या माळावरचं बाजाराचं गाव. चौक गावाच्या मधोमध. तिथं एक जुना लिंब, त्याभोवती पार, आणि पाराच्या पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग. परक्या माणसाला वाटावं, कुणीतरी बांधकामाचा राडा टाकलाय. पण गावातलं लहान पोरही त्या ढिगाला पाय लावत नसे.

त्या दगडांची हकीकत अशी. बाहत्तरच्या दुष्काळात याच चौकात माणसं खडी फोडायला बसायची. ते काम थांबलं, विहिरी तर आधीच आटलेल्या, तेव्हा माणसं पोट घेऊन गोदावरीकाठी ऊसतोडीला निघाली. ट्रक इथंच लागले. कोण गेलं आणि कोण परत आलं, याची कुणाला पर्वा नव्हती. तेव्हा कुण्या एका बाईनं ट्रकात चढायच्या आधी न फोडलेला एक दगड पाराशी ठेवला आणि म्हणाली, परत आले की उचलीन. तिचं बघून सगळ्यांनीच ठेवले.

तेव्हापासून रीत पडली. जाताना आपल्या हातानं दगड ठेवायचा, आल्यावर आपल्याच हातानं उचलायचा, घरी नेऊन चुलीजवळ ठेवायचा. दगड घरी गेला म्हणजे माणूस घरी आला. जो परत आला नाही, त्याचा दगड तिथंच राहायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. सुरुवातीला अमृतच्या वस्तीतल्या माणसांना पारापाशी येऊ देत नसत, म्हणून त्यांचे दगड उगवतीच्या अंगाला वेगळे असायचे. पुढं दोन्ही ढीग वाढत गेले, आणि न आलेल्यांचे दगड घरंगळून एकमेकांत मिसळले. पावसानं सगळे सारखेच काळे झाले.

अमृतचे वडील, भिमाजी आबा, देवधर्म मानणारे नव्हते. घरात बुद्धाची एक तसबीर, तेवढीच. पण रोज दुपारी ते काठी टेकत चौकात जायचे आणि उगवतीच्या अंगाला बसायचे. अमृतची आई पुष्पावती तो लहान असताना उसाच्या फडातच गेली होती. तिचा दगड त्या काळ्या दगडांत कुठंतरी होता. आबा, तुमी पण दगडं पुजाया लागले का, असं कुणी चिडवलं की ते म्हणायचे, "हा देव न्हाई बाबा. ही हजेरी हाय."

यंदा अमृतची बायको दिपाली त्याच्याशिवायच तोडीला गेली होती. तोडीला जोडी लागते, एकानं ऊस तोडायचा, एकानं मोळी बांधायची. दिपालीच्या भावाची, नितीनची, बायको बाळंतीण होती. त्याची जोडी मोडली. मुकादमाला शब्द दिलेला. मग दिपालीच म्हणाली, मी जाते दादासंगं, तुमी हे मिस्त्रीकाम सोडू नका. एवढंच साल. पुढच्या साली दोघंबी हितंच राहू, पुन्हा उसाचं तोंड बघायचं न्हाई. निघताना तिनं एक तांबूस दगड पाराशी ठेवला, कपाळाची टिकली काढून त्यावर चिकटवली आणि हसली.

"ध्यान ठेवा दगडाकडं. न्हाईतर दुसरीच कुनीतरी घरी यायची."

तर त्या सकाळी ठेकेदाराचा माणूस रविराज जेसीबी घेऊन चौकात उभा होता. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं ढिगाकडे बोट केलं आणि सांगितलं की, हा उकिरडा पसरून टाका, ब्लॉकच्या खाली भर चांगली होईल. हा उकिरडा नव्हे, हे अमृतला सांगायचं होतं. पण मोठ्या आवाजात बोलायची त्याला कधी सवयच नव्हती. तो म्हणाला, "व्हय साहेब."

थोडा वेळ मात्र मागून घेतला. वाकून त्यानं तांबूस दगड शोधला. टिकली तशीच होती. दगड पिशवीत टाकला. मग तो उगवतीच्या अंगाला गेला, आईचा दगड ओळखू येतो का बघायला. काळ्या दगडांवरून नजर फिरवली. कुठला उचलणार? तो बाजूला झाला.

ज्यांचे दगड होते ती माणसं तोडीवर होती. जेसीबीचं बकेट खाली आलं. एवढा ढीग कोसळल्यावर केवढा खडखडाट व्हायला हवा. तसा झाला नाही. खूप चालून आलेली माणसं एकदम खाली बसावीत, तसा दबका आवाज झाला. रविराज मोबाईलवर बोलत होता. त्यानं काही ऐकलं नाही.

वर दगडाची बारीक कच पडली, रोलर फिरला, आणि अमृतनंच दोरी ताणून पहिल्या ओळी बसवल्या. दुपारी तो घरी गेला, तांबूस दगड चुलीपाशी ठेवला, कुलूप लावलं. इथं तरी नीट राहील, असं त्याला वाटलं.

परत येतो तर आबा चौकात उभे. ते रोज बसायचे तिथं आता लाल-करड्या ब्लॉकची सपाट ओळ होती. काठीच्या टोकानं ते ती ओळ चाचपत होते.

"तुझ्या आईचा...?"

अमृतनं ब्लॉकच्या ओळीकडे बोट केलं. मग हळूच म्हणाला, "दिपालीचा वाचवलाय आबा. घरी ठेवून आलो. चुलीपाशी."

आबांनी झटकन मान वर केली.

"तू नेलास? ती हितं नसताना... तिला घरी नेलीस?"

तेवढ्यात फोन वाजला. कोपरगावकडच्या फडातून नितीन बोलत होता. त्याचा आवाज कापत होता.

"दाजी... दिपीचं कायतरी बिघडलंय. जेवायच्या टायमापास्नं उसाच्या सरीत हुबी हाय. कोयता हातात हाय, डोळं उघडं हायती... पर हाका मारल्या तरी बगत न्हाई. हात लावला तर गार लागतिया."

अमृत पळत सुटला. दुपारचं टळटळीत ऊन, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराला कुलूप होतं तसंच होतं. पण आतून आवाज येत होता. थप... थप... थप. भाकरी थापल्याचा.

त्यानं कुलूप काढलं. आत उसाच्या जळक्या पाचटाचा वास भरला होता. चुलीपुढं दिपाली पाठमोरी बसली होती. लुगड्यावर तोडीच्या बाया घालतात तो मळका शर्ट, दंडावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. चूल पेटलेली नव्हती. तिच्या मांडीशी तो तांबूस दगड होता.

"आलासा... बसा. भाकर हुतीच हाय."

आवाज तिचाच होता. अमृतला वाटलं, इथंच बसावं, काही विचारू नये. पण सरीत उभी असलेली दिपाली त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं खाली वाकून दगड उचलला. तो अंगासारखा कोमट होता.

"नगा नेऊ..." ती मान न वळवता म्हणाली. "आत्ताच तर आलेय... लई चालून आलेय."

तो दगड छातीशी धरून तसाच बाहेर पडला. मागं बघितलं नाही.

चौकात ढिगाची जागा कुठली, हे आता त्यालाही नक्की सांगता येईना. लिंबाच्या अंदाजानं त्यानं पहारीनं एक ब्लॉक उचकटला, खालची कच उकरली, दगड ठेवला. रविराज हसून म्हणाला, काय अमृत, पुरलेलं धन सापडलं का? अमृतनं ब्लॉक परत बसवला. तो काही केल्या बसेना, बोटभर वरच राहिला.

फोन आला. दिपाली खाली बसली होती. पाणी प्याली होती. एकच विचारत होती म्हणे, मी कुठं गेल्ते?

संध्याकाळी तो घरी गेला, तर घरात कुणी नव्हतं. परातीत मात्र पीठ होतं, आणि पिठात चार बोटं उमटली होती.

चैत्रात ट्रक परत आले. चौक नवा झाला होता, चकचकीत. माणसं गाठोडी घेऊन उतरली आणि सवयीनं पाराच्या पायथ्याशी वाकली. त्यांचे हात गुळगुळीत ब्लॉकांवर फिरले. म्हातारी बनुबाई तळव्यानं जमीन थापटत राहिली. "माझा कुठाय रं? मी आलेय की..." कुणी भांडलं नाही, कुणी जाब विचारला नाही. ऊन कलेपर्यंत सगळे तिथंच उभे होते. मग एकेक जण गेला. गेले, पण पोचले नाहीत. पुढं कितीतरी घरांत हेच सुरू झालं. माणूस आपल्याच उंबऱ्यावर बसून घरच्यांना विचारायचा, घरी कवा जायचं?

दिपाली सगळ्यांत शेवटी उतरली. वाळून कोळ झाली होती. कपाळ मोकळं. अमृत तिला बोटभर वर राहिलेल्या ब्लॉकपाशी घेऊन गेला. आबाही काठी टेकत आले. त्यानं पहार घातली, ब्लॉक काढला.

खाली कचेत दगडाच्या आकाराचा खळगा होता. खळग्यात टिकली होती. दगड नव्हता. "त्यो घरी गेलाय," आबा पुटपुटले.

दिपालीनं टिकली उचलून कपाळाला लावून बघितली. ती चिकटेना. तिनं ती मुठीत धरली आणि म्हणाली, "चला."

तिघं घरी आले. दाराला कुलूप होतं. अमृतनं किल्ली काढली, तेवढ्यात दिपालीनं त्याचा हात धरला. आतून आवाज येत होता. थप... थप... थप.

आबांनी डोळे मिटले. दिपाली दाराला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली.

"थाप माज्याच हाताची हाय," ती म्हणाली.

मग तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवून उंबऱ्याबाहेर ठेवलं. आतली थाप थांबली. दाराकडं येणाऱ्या बांगड्या वाजल्या, आणि आतून कुणीतरी कडी लावून घेतली.