पंखांचे कोंब

शेजारच्या सुनिलने फांदी वाकवून धरली तशा लाल मुंग्या त्याच्या कोपरापर्यंत चढल्या. "लवकर पाह्य, करिश्मा. माह्या हाताचीच चटणी होऊन राह्यली!"

करिश्माने पुन्हा निरखून पाहिलं. आंब्याची पानं शिवून केलेल्या घरट्यावर कामकरी मुंग्यांची धावपळ चालली होती. कामकरी मुंगीला पंख नसतात. यांतल्या काहींच्या पाठीवर मात्र दोन्ही बाजूंना खसखशीएवढे कोंब होते.

तिने फोटो काढून सोमारीला पाठवला. सोमारी तिची मोठी बहीण, चंद्रपूरला प्राणिशास्त्र शिकणारी; करिश्मा तिला बाई म्हणे. गेल्या उन्हाळ्यात ती आली नाही आणि या सुट्टीतही जमणार नाही म्हणाली होती. करिश्मा रोज दुपारी फाट्यावर बस पाहायला जाई आणि कुणाला काही न सांगता परत येई. मुंगी खरंच वेगळी निघाली, तर बाई येईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

सोमारीचा लगेच फोन आला. राणी मुंगीचे पंख कुणा पोराने तोडले असतील, असं तिचं म्हणणं पडलं.

"राणी हिरवी अन् मोठी राह्यते, बाई. हे कामकरीच हाये."

"मंग पुरावा दे."

तेवढ्यात चैतूकाका बांबू आणि टोपली घेऊन आले. घरी पाहुणे होते, त्यांना मुंग्यांची चटणी हवी होती. घरटं गेलं की पुरावाही गेला! करिश्मा झाडाला टेकून उभी राहिली.

"काका, पंडुम परवा हाये नं?"

पंडुम म्हणजे नव्या आंब्याचा सण. तो होईपर्यंत गावात कुणी आंब्याचं पानसुद्धा तोडत नसे, आणि पूजा करायचे खुद्द चैतूकाका.

"मागच्या साली तुमीच माहा कान पिळला होता," सुनिलने आठवण दिली.

काकांनी घरट्याला टेकवलेला बांबू खाली घेतला. "अन् तुमी काय करून राह्यले?"

"पाहून राह्यलो," करिश्मा म्हणाली. "पाह्याले मनाई नाई."

बांबूच्या धक्क्याने बिथरलेल्या मुंग्या पांढरी पिल्लं तोंडात धरून घरट्याबाहेर पळत होत्या. पिल्लांचे पाय अजून पोटाशी दुमडलेले होते. करिश्मा एकदम पुढे वाकली. एका पिल्लाच्या पाठीवर तेच कोंब होते. जी मुंगी अजून पुरती झालीच नाही, तिचे पंख कोण तोडणार?

तिने फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमारी भिंग घेऊन बसमधून उतरली.

झाडाखाली बसून तिने सगळ्यांना सांगितलं, की फार फार पूर्वी मुंग्यांच्या पूर्वजांना पंख होते. कामकरी मुंगीचे पंख पुढे वाढायचे थांबले, पण ते घडवायची कृती तिच्या शरीरात अजून आहे. कधी थांबवण्यात चूक झाली, की असे कोंब फुटतात.

"पोरीनं बरोबर हेरलं," चैतूकाका म्हणाले. "पंडुमानंतरही या घरट्याले कोणी हात लावणार नाई."

सगळे गेल्यावर करिश्माने विचारलं, "मुंगी नसती दिसली, तं आली असतीस काय?"

सोमारीने भिंग तिच्या हातात दिलं. "नाई," ती म्हणाली. "पण आता उद्याचा पंडुम करूनच जाईन."

करिश्माने मान हलवली आणि भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ ती तशीच बसली. भरल्या डोळ्यांना भिंगातून काहीच दिसत नव्हतं.