पिवळ्या गाडीतला

ही गोष्ट खरी आहे. रचायचीच असती, तर मी भुताला सरकारी नोकरी लावली नसती.

माझ्या मावसभावासोबत घडलेली. नाव प्रसेनजित, गाव अनसिंग, वाशिम जिल्हा. गेल्या वर्षीचा मे महिना. रात्र नव्हती…

चांगली टळटळीत दुपार होती.

दुसऱ्या दिवशी त्याला किन्हीराजा गावी मुलगी पाहायला जायचं होतं. ज्योत्स्ना. याआधी सगळीकडून नकार आलेले, कारण एकच: पोराला नोकरी नाही. ज्योत्स्नाच्या फोटोवर मात्र गडी पार विरघळला होता. ही हुकली तर संपलंच.

लाईट गेलेली. वेळ जाईना म्हणून धाकट्या बहिणीने, धम्मदीपाने, एक खेळ काढला. चकरी फिरवायची, येईल त्या आकड्याइतकी आपली प्लास्टिकची गाडी पुढे न्यायची. वाटेतल्या चौकोनांवर अख्खं आयुष्य: नोकरी, बंगला, लग्न, जुळी मुलं. लग्न झालं की गाडीत एक गुलाबी खुंटी बसवायची. ती बायको.

त्याची लाल गाडी, तिची निळी. पिवळी कोणाचीच नव्हती.

त्याचा डाव झाला. तिचा झाला.

आणि मग…

टर्रर्रर्र…

चकरी आपोआप फिरली. पिवळी गाडी सरकली. थेट 'सरकारी नोकरी'वर.

पंखा बंद होता. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

"दादा… तू ढकलली काय?"

प्रसेनजितने घाबरायला हवं होतं. पण त्याच्या पोटात भलतीच आग पेटली.

"माये बूट झिजले भरतीत पळू पळू, अन् याले पयल्याच डावात नोकरी? वशिला असन!"

"मले भेव लागून राह्यलं. उठू आपण."

"बस खाली! पाहू दे, कुठंलोक जाते तं."

लाल गाडी 'आजारपण'वर गेली. पिवळीने बंगला घेतला. खोलीत ताज्या रंगाचा वास आला… त्या भिंतींना रंग लागून जमाना झाला होता.

मग ती 'लग्ना'वर थांबली.

डबीतली गुलाबी खुंटी हळूच उभी राहिली…

आणि पिवळ्या गाडीत जाऊन बसली.

आता मात्र प्रसेनजितचं टाळकं सरकलं. त्याने खुंटी उपटली आणि मुठीत आवळली.

"तुयं लग्न नाई होऊ देत मी! आधी माया नंबर हाय!"

चकरी फिरली नाही.

तेवढ्यात त्याच्या आईचा, लिलाबाईंचा, फोन वाजला. ज्योत्स्नाचे वडील. आनंद आवाजात मावत नव्हता.

"विहीणबाई, जावई आताच गेले आमच्या घरून! उद्याचं ठरलं होतं, पण आजच आले एकटे. काय गमत्या माणूस हाय बाप्पा! पोरीले पसंत हायेत."

लिलाबाईंनी समोर बसलेल्या पोराकडे पाहिलं.

त्याने मूठ उघडली…

रिकामी होती.

आता अडचण अशी, की आम्ही बौद्ध. आमच्यात भूत मानत नाहीत. त्यामुळे ना मांत्रिक, ना उतारा. जे नाहीच, ते घालवायचं कसं?

"भूतबीत काई नसते," लिलाबाई म्हणाल्या. "होकार आला नं? मंग गप बस."

तो गप बसला. विहारात लग्न लागलं.

ज्योत्स्ना चांगली आहे. फक्त अधूनमधून म्हणते, "त्या दिशी किती हसवलं तुमी मले. आता काहून तसे बोलत नाई?"

"काय बोललो होतो मी?"

"जा नं, नाटकं करता!" आणि लाजते. सांगत नाही.

प्रसेनजित आतून जळतो. लोक बायकोच्या जुन्या मित्रावर जळतात. याने जळायचं कोणावर?

परवा संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरातून तिच्या खळखळून हसण्याचा आवाज येत होता…

तो दारात गेला. ती एकटीच होती. ओट्यावर चहाचे दोन कप. दुसरा अर्धा प्यालेला, अजून वाफाळत असलेला.

तिने वळून याला पाहिलं. हसू हळूहळू मावळलं.

"अच्छा… तुमी हाय काय," ती म्हणाली.

हे सगळं त्याने मला फोनवर रडत रडत सांगितलं.

काल परत त्याचा फोन आला. एकदम मजेत होता. त्याने असं हसवलं, असं हसवलं, की माझं पोट दुखलं. आपल्या अनसिंगला ये म्हणाला, बंगला बघायला.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं…

प्रसेनजितला साधा विनोदही धड सांगता येत नाही.