फाटकावरचे दोन ठोके

खुर्ची जरा चुलीजवळ ओढून घ्या, दाराखालून वारा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

सुरुवात झाली ती केकपासून. ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, एका रविवारी दुपारी मी मनुकांचा केक डब्यात भरला आणि नव्या शेजाऱ्याकडे निघाले. टेकडीवरचा आधीचा शेजारी, विल्फ पास्को, जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या पुतण्याने टेकडी, घर, शेड सगळं सिडनीतल्या एका माणसाला विकून टाकलं. ब्राइस नाव त्याचं, न्हाणीघरांच्या फरशा बसवण्याचा धंदा. शुक्रवारी संध्याकाळी गाडी भरून यायचा आणि शनिवार-रविवार रायफल चालवायचा. शिकार करत असता तर मी चकार शब्द काढला नसता, कोल्हे मीही मारले आहेत. हा बाबा लोखंडी पत्र्यांवर नेम धरून बसायचा. तासन् तास. ठण... ठण... ठण.

आणि इकडे माझ्या मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. मेंढीला जुळं होतं तेव्हा ती पहिलं कोकरू चाटत असते आणि दुसरं जमिनीवर पडत असतं. तेवढ्यात असा बार उडाला की ती उठून पळते. परत येते ती एकाकडेच. दुसरं थंडीत ओरडून ओरडून मरतं, आणि कावळे डोळ्यांपासून सुरुवात करतात. त्या आठवड्यात मी अशी अकरा कोकरं उचलली होती. तरी केक घेऊन गेले, कारण शेजाऱ्याकडे पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने आणि तावातावाने जायचं नसतं, असं आई सांगायची.

ब्राइसने केक घेतला, हसला, बायकोला हाक मारून डबा तिच्याकडे दिला. तिचं नाव टॅमसिन. मी त्याला नीट समजावून सांगितलं. मेंढ्या सांगितल्या, आणि खालचं तळंही दाखवलं. त्याने पत्रे मांडले होते ते घळीच्या तोंडाशी. त्यांच्या मागे वॉटलची, म्हणजे आमच्याकडच्या बाभळींची, झाडी, आणि झाडीमागे माझं तळं, तळ्याचा मातीचा बांध. नेम चुकला की गोळी झाडीतून थेट माझ्या हद्दीत.

"अहो कोरलबाई, बांध आहे ना मागे? मातीच आहे ती. गोळी मातीत जाते," तो म्हणाला.

"बांध माझा आहे. तळ्यावर मी असते."

"मग शनिवार-रविवार नका जाऊ."

माझ्याच तळ्यावर जायला मी ह्याची परवानगी काढायची. तळपायाची आग मस्तकात गेली. मग माझी नजर पत्र्यांवर गेली आणि मधला पत्रा मी ओळखला. ती विल्फची तबकडी होती.

ती तबकडी म्हणजे काय ते सांगते. विल्फच्या आजोबांनी आणि माझ्या आजोबांनी सशांच्या उपद्रवाच्या वर्षांत एक रीत घातली. जुन्या नांगराच्या दोन लोखंडी तबकड्या घेतल्या, एक टेकडीवरच्या खांबाला टांगली आणि एक आमच्या अंगणाच्या फाटकाला. टेकडीवरून तळ्याचा काठ झाडीमुळे दिसत नाही, आमच्या फाटकातून लख्ख दिसतो. म्हणून टेकडीवरच्याने रायफल हातात घेण्याआधी तबकडीवर तीन ठोके द्यायचे. आमच्याकडच्याने फाटकापाशी यायचं, तळ्याकडे बघायचं, कुणी नाही अशी खात्री करायची आणि दोन ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे मैदान मोकळं. उत्तर आलं नाही तर गोळी झाडायची नाही, मग ससा पायावर येऊन बसला तरी.

ही रीत एकदाच मोडली. माझा थोरला भाऊ कीथ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, मी आठ. तो तळ्याच्या चिखलात रुतलेली मेंढी ओढत होता आणि टेकडीवरून विल्फने झाडलेली गोळी त्याच्या मानेत शिरली. चौकशीत विल्फ उभा राहिला आणि म्हणाला, "मी ठोके द्यायला विसरलो." बस, एवढंच. त्या दिवसापासून पंचक्रोशीत त्याला कुणी नाचाला बोलावलं नाही, कुणी मुलगी दिली नाही. माझे वडील त्याच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. त्याने पुन्हा रायफल धरली नाही, पण तबकडी उतरवलीही नाही. दर वर्षी तिला तेल लावायचा.

त्या तबकडीला हा फरशीवाला गोळ्या मारत होता.

मी ते सगळं ब्राइसला तिथेच ऐकवलं. तो म्हणाला, "वाईट झालं. पण पासष्ट वर्षं झाली त्याला." मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबाने परवाना तपासला आणि म्हणाला की जमीन त्याची, बंदूक त्याची, मागे माती आहे, दिवसाउजेडी चाललंय. मी बांधातून उकरून काढलेल्या गोळ्या जॅमच्या डब्यात घालून त्याच्या टेबलावर ओतल्या. त्या किती जुन्या आहेत हे कसं ठरवणार, असं त्याने मला विचारलं. नियम बघा कसे असतात. माणूस मेल्यावर ते जागे होतात, तोवर घोरत पडतात.

शेवटी काम केलं ते टॅमसिनने. कीथची गोष्ट ऐकल्यापासून तिला म्हणे झोप येत नव्हती. तिने नवऱ्याला ती भोकं पडलेली तबकडी पुन्हा खांबाला टांगायला लावली, आणि तो स्वतः माझ्या फाटकापाशी येऊन, तोंड वाकडं करून सांगून गेला की मी तीन ठोके देईन, तुमचे दोन आल्याशिवाय रायफलला हात लावणार नाही. शब्द देतो.

मी म्हटलं, उत्तम. आणि मी उत्तर देणंच बंद केलं.

हसू नका. मला तेव्हा फार मजा वाटली. शनिवारी सकाळी तीन ठोके पडायचे, मी चहाचा कप घेऊन पडवीत बसायचे. अर्ध्या तासाने पुन्हा तीन, जरा जोरात. दुसऱ्या आठवड्यात तो कुंपणापाशी आला.

"दोन ठोके द्यायला काय हात झिजतात का तुमचे?"

"माझ्या मेंढ्या व्यायल्यात. सप्टेंबर संपू दे."

"तुम्ही मुद्दाम करताय."

"हो," मी म्हटलं. "तू शब्द दिलायस. आता पाळ."

खालचं रान पहिल्यांदा शांत झालं. एकही कोकरू मेलं नाही. टॅमसिनने माझा केकचा डबा परत पाठवला, आत लिंबं घालून.

तिसऱ्या रविवारची गोष्ट. चार वाजायला आले होते. पाऊस नव्हता, पण घळीतून पातळ धुकं वर येत होतं आणि ओल्या लोकरीचा वास सगळीकडे भरला होता. तळ्याकडून मेंढीचं ओरडणं ऐकू आलं. एक म्हातारी मेंढी पाणी प्यायला गेली होती आणि पोटापर्यंत चिखलात रुतली होती. मी दोर घेतला. आणि फाटकातून जाताना तबकडीशेजारची हातोडी काढून कोटाच्या खिशात टाकली. का, तर उगाच कुणी वाटसरू यायचा आणि गंमत म्हणून वाजवायचा. हातोडी माझ्याजवळ असली की उत्तर जाणार नाही, एवढा साधा हिशोब.

मी चिखलात गुडघ्यापर्यंत उतरले, मेंढीच्या छातीखालून दोर घातला. तेव्हा टेकडीवरून तीन ठोके आले. सावकाश, एकेक वेगळा. मी मनातल्या मनात म्हटलं, वाजव बाबा, वाजव. मेंढी ओढत राहिले.

मग आमच्या फाटकावरून उत्तर आलं.

दोन ठोके. हलके, घाईचे. पहिला मधोमध बसलेला आणि दुसरा काठावरून घसरलेला, म्हणजे हात पुरत नसताना टाचा उंच करून मारल्यावर घसरतो तसा. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. हातोडी खिशातच होती. ओला कोट, आत जड लोखंड.

मी ओरडले असेन, आठवत नाही. कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवल्यावर त्या लोकांना काही ऐकूही येत नाही. पहिली गोळी झाडीतल्या फांद्या मोडत आली आणि बांधात गेली. दुसरी मला दिसली नाही, फक्त माझ्या हातातली मेंढी एकदम जड झाली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं आणि गरम रक्त मानेवरून आत उतरलं. मी तशीच चिखलात आडवी झाले, तिच्या अंगाखाली. किती बार झाले ते मोजले नाहीत. चिखलाची चव मात्र अजून तोंडात आहे.

आवाज थांबल्यावर मी टेकडी चढले. त्या वयात, तसल्या बुटांनी, कशी चढले देव जाणे. डोक्यात एकच होतं की ते दोन ठोके ह्यानेच कुणाकडून तरी वाजवून घेतले, ह्या माणसाने शब्द मोडला, आता ह्याला मी न्यायालयात नागडा करीन. त्याने मला पाहिलं आणि रायफल जमिनीवर ठेवली. माझ्या मानेवरचं रक्त बघून टॅमसिन खालीच बसली.

"माझं नाही. मेंढीचं," मी म्हटलं. "तू शब्द दिला होतास."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पण... उत्तर आलं. दोन ठोके. हिने पण ऐकले."

टॅमसिनने होकारार्थी मान हलवली.

"हातोडी माझ्याकडे आहे." मी ती काढून दाखवली.

"मी दुर्बिणीतून बघितलं, कोरल. खात्री करायला बघितलं, शपथ. तुमच्या फाटकात तुमची नात उभी होती. तिनेच वाजवलं. मला हात केला तिने... आणि मग उड्या मारत घरात गेली."

मला नात नाही. मूलबाळच नाही, घरात मी एकटीच. पण मी तसं बोलले नाही. मी विचारलं, "कशी होती?"

"लहान. सात-आठ वर्षांची. पायात केवढे मोठे बूट घातले होते, कुणा पुरुषाचे असावेत."

मी तशीच फाटकाकडे परत निघाले. टॅमसिनने मला धरलं. आणि ब्राइस, ज्या माणसाला मी महिनाभर शिव्या घातल्या तो ब्राइस, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, पोरीला रागावू नका. तिला काय कळतंय... कुणी विचारलं तर मी सांगेन, मी ठोके द्यायला विसरलो."

आता तुम्हाला सांगते. चौकशीत एक प्रश्न सगळ्यांना पडला होता की कीथ अनवाणी का सापडला. चिखलात उतरताना त्याने बूट काठावर काढून ठेवले होते, असं ठरलं. पण काठावर बूट नव्हतेच. ते माझ्या पायात होते. त्याच्या बुटांत पाय घालून मी अंगणात लेफ्टनंट झाले होते, फाटकावर पहारा देत होते. विल्फने तीन ठोके दिले. मी तळ्याकडे बघितलंच नाही. टाचा उंच केल्या, दोन ठोके दिले, त्याला हात केला आणि उड्या मारत घरात गेले, कारण आईने बिस्किटं भाजली होती.

विल्फने मला पाहिलं होतं. आणि तो पासष्ट वर्षं... नाही, एकसष्ट. मरेपर्यंत. रस्त्यात भेटला की टोपी काढायचा, बाकी एक शब्द नाही. मी आठ वर्षांची होते हे मला कळतं. पण मग मी वीस वर्षांची झाले, चाळीसची झाले, साठची झाले, आणि मूग गिळून बसले. माझ्या वडिलांनी त्याच्या नावाने थुंकायचं आणि मी बाजूला उभं राहायचं. तबकडीला गोळ्या मारल्या म्हणून त्या ब्राइसवर एवढी उखडले. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

त्या दोघांना मी काही सांगितलं नाही. नात शहरात राहते असं म्हटलं. तेव्हाही खोटंच.

घरी आले तेव्हा चांगला उजेड होता. फाटकावरची तबकडी लोंबत होती, हाताने धरली तर अजून थरथरत होती. खाली चिखलात बुटांचे ठसे होते. पुरुषाचे बूट, मोठे, टाचेला घोड्याच्या नालासारखी पट्टी, कीथच्या बुटांना होती तशी. पण एका ठशापासून दुसरा ठसा वीतभर अंतरावर. फाटकापासून अंगणातून, पडवीच्या पायऱ्या चढून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते. परतीचे नव्हते. दार उघडं होतं, आणि आतून भाजलेल्या बिस्किटांचा वास येत होता.

मी आत गेले आणि सवयीने कडी लावली. मग दाराला पाठ लावून तशीच उभी राहिले, कारण आत गेलेलं कुणी बाहेर आलं नव्हतं, आणि कडी मी आतून लावली होती.