इंजिनातली रिकामी जागा

वडवणीच्या बाजाराच्या दिवशी भरदुपारी आमेर एका पाहुण्याला घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला, तेव्हा जरीना ब्लाउजची काजं करत बसली होती. पाहुण्याचं नाव आदिनाथ. पुण्याचा माणूस, खेळण्यातली जुनी इंजिनं विकत घेणारा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हा मोल ठरवायलाच आला होता.

फळीवरचं इंजिन अब्बांचं. अब्बांनी, म्हणजे गुफरान घड्याळवाल्यांनी, अख्ख्या तालुक्याची घड्याळं चालती केली, पण या इंजिनाची तुटलेली स्प्रिंग चाळीस वर्षं बदलली नाही. रेल्वे येणार, येणार म्हणत म्हातारं झालेलं गाव. त्यात त्यांनी एवढंच इंजिन जपलं. रोज दुकान उघडण्याआधी डोळ्याला भिंग लावून ते जरीनाच्या सुयांत दोरे ओवून ठेवायचे. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली होती. जरीनाला हल्ली सुईचं नेढं दिसत नसे, पण ओवून द्या म्हणून ती कुणाच्या दारात गेली नाही, चाचपडत स्वतःच ओवायची. पहिल्यापासूनच हट्टी.

आदिनाथने इंजिन उलटंपालटं केलं. रंग मूळचा, स्क्रू कधी न उघडलेले. कुणी दुरुस्त केलं नाही म्हणूनच याला किंमत, असं सांगत त्याने दीड लाखाचा आकडा काढला. आमेरचा चेहरा खुलला. मग भिंगातून बघता बघता आदिनाथ थांबला.

"यात दोनच माणसं असतात. एक चालवणारा, एक कोळसा टाकणारा. हा तिसरा कोण?"

पत्र्याचा तिसरा माणूस कोपऱ्यात वाकून बसला होता, एक हात डोळ्याशी नेलेला.  अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या सकाळी तो जरीनाला तिथे पहिल्यांदा दिसला होता. सांगितलं असतं, तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

नंतर चिकटवलेला असेल, भाव पडेल, म्हणून आदिनाथने चिमट्याने त्याला हलवून पाहिलं. हलेना. रंगाला गेलेले बारीक तडे इंजिनाच्या तळावरून थेट त्या माणसाच्या अंगावर चढले होते. खोलीत घड्याळाच्या तेलाचा वास सुटला. ती बाटली तीन वर्षांत कुणी उघडली नव्हती.

"हा पहिल्यापासूनचाच आहे…" आदिनाथचा आवाज खाली आला. "असं दुसरं कुठेच नाही. तुम्ही म्हणाल तो भाव."

"आपा, हो म्हण की," आमेर म्हणाला.

"बाप इकायला काढला न्हाई मी."

आमेरने आपल्या हिश्शाची भाषा काढली. तर बाजारातलं दुकान तू घे, सगळं घे, असं तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं आणि वर दोघांना चहाही पाजला.

निघताना आदिनाथ उंबऱ्यात घुटमळला. "त्याच्या शेजारी एक भोक आहे. चौथा बसत असणार… सापडला तर कळवा."

त्याच दिवशी सकाळी तिने धूळ पुसली होती, तेव्हा तिथे भोक नव्हतं. जरीनाने इंजिन उजेडात धरलं. भोकाभोवतीचा रंगही तसाच जुना, तडे गेलेला.  भीती वाटली, खोटं कशाला सांगायचं? आणि मग तिला राग आला. अब्बा असेच, न विचारता ठरवून मोकळे व्हायचे.

"मी येत न्हाई, अब्बा," ती म्हणाली. "लगीनसराई हाय. बारा ब्लाउज शिवायचेत."

हातातली सुई तिने त्या भोकात खुपसली आणि कटकन मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुई शिलाई मशीनवर होती. अख्खी. नेढ्यात पांढरा दोरा ओवलेला, आणि घरात पांढरं रीळ नव्हतं. इंजिनातलं भोक रिकामंच होतं.

जरीनाने सुई उचलली आणि फळीकडे वळली.

"दोरा घेते," ती म्हणाली. "जागा न्हाई घेत…"

आणि तिने मुद्दाम त्याच सुईने काजं करायला घेतली. एक ब्लाउज झाला, दुसरा झाला. दिवेलागणीपर्यंत चार झाले. दोरा सकाळी होता तेवढाच होता.